दुसरी डिस्क: जागा की प्रत?

आजच्या भागात राजेरजवाडे नाहीत, लढाया नाहीत, ताम्रपटही नाहीत. आज समोर आहे टेबलाखाली पायाशी धूळ खात उभा असलेला पत्र्याचा एक डबा, म्हणजे आपला डेस्कटॉप. त्या डब्यात आणखी एक हार्ड डिस्क बसवायची आहे, कारण फोटो आणि व्हिडिओ मावेनासे झाले आहेत. प्रसंग एवढाच. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, बेंगळुरूला असा, नाहीतर माझ्यासारखे हैदराबादला असा, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हा प्रसंग एकदा तरी तुमच्या घरी येऊन गेला असणार.

यात इतिहास कसला, असं कुणी म्हणेल. पण इतिहासाचं निम्मं काम काय टिकलं आणि कशामुळे टिकलं, हे पाहण्याचंच असतं. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. ते कुणीतरी बांधून ठेवले, वाळवीपासून वाचवले, म्हणून आज आपण त्यांच्याबद्दल बोलू शकतो. आपल्या घराचं दफ्तर मात्र आता कागदावर नाही. लग्नं, बारशी, सहली, गेलेल्या माणसांचे आवाज, सगळं त्या डब्यात आहे. तेव्हा या डब्यातल्या वस्तूचा जन्म कुठे झाला, कशासाठी झाला आणि ती आपल्या घरात कशी आली, हे एकदा नीट बघू. माझ्या घरी तिने काय केलं, तेही सांगतो.

साल १९५६. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावी आयबीएम कंपनीची एक प्रयोगशाळा होती. तिचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन. हे गृहस्थ मुळात शाळामास्तर. पेन्सिलीच्या खुणांवरून मुलांचे पेपर तपासणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं आणि त्याच जोरावर ते आयबीएममध्ये आले होते. त्यांच्या चमूने बनवलेलं यंत्र त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जगासमोर आलं. नाव ३०५ रॅमॅक. त्याच्या एका कपाटात २४ इंच व्यासाच्या, म्हणजे मोठ्या परातीएवढ्या, ५० तबकड्या एकाच दांड्यावर फिरत असत, मिनिटाला १२०० फेरे. तबकड्या पन्नास, पण त्या वाचायला हात एकच. तो वरखाली सरकायचा, हवी ती तबकडी गाठून आत शिरायचा आणि वाचून बाहेर यायचा. तबकड्यांवर लोहयुक्त रंगाचा थर द्यायचा होता. तो एकसारखा बसावा म्हणून रंग नायलॉनच्या पायमोज्यातून गाळून घेत, असं त्या प्रयोगशाळेतल्या माणसांनीच पुढे सांगितलं आहे. आपल्याकडे चहा गाळायला जुनं धोतर वापरत, त्यातलाच प्रकार.

या टनभर वजनाच्या कपाटात मावायची ५० लाख अक्षरं. आजच्या मापात पावणेचार एमबी. तुमच्या खिशातल्या फोनने काढलेला एखाद-दुसरा फोटो त्यात बसेल. आणि सगळ्या यंत्रणेचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रॅमॅक या नावाचा अर्थच मुळी हिशेब ठेवण्याची आणि नियंत्रणाची पद्धत असा होता. कोठारात किती माल शिल्लक आहे, अमुक गिऱ्हाइकाकडे किती येणं आहे, हे ताबडतोब कळावं म्हणून डिस्क बनवली गेली. त्याआधी पंचकार्डांचे गठ्ठे चाळावे लागत किंवा चुंबकी टेप सुरुवातीपासून गुंडाळत न्यावी लागे. डिस्कने ती वाट पाहणं संपवलं. म्हणजे डिस्कचा जन्म झटकन सापडण्यासाठी झाला. कायम जपून ठेवण्याचं काम तिच्याकडे नव्हतंच. त्यासाठी कार्डं होती, टेपा होत्या. पुढे कितीतरी वर्षं मोठ्या कचेऱ्यांत, बँकांत, कारखान्यांत असाच रिवाज होता: दिवसभर काम डिस्कवर, आणि रात्री कुणीतरी माणूस दिवसाचं काम टेपवर उतरवून टेप वेगळ्या कपाटात, शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवणार. डिस्क मरणार, हे त्या लोकांनी धरूनच ठेवलं होतं.

पुढे डिस्क आपल्या घरी आली. तो रात्रपाळीचा टेपवाला मात्र तिच्याबरोबर आला नाही.

घरापर्यंतचा तिचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९७३ मध्ये आयबीएमने ३३४० नावाची डिस्क काढली. वाचणारा काटा आणि तबकडी एकाच बंद डब्यात, धुळीला वाव नाही. तिची आखणी तीस-तीस एमबीच्या दोन भागांची होती, त्यावरून थर्टी-थर्टी या बंदुकीची आठवण होऊन तिला विंचेस्टर हे टोपणनाव पडलं. आपल्याकडच्या जुन्या संगणकवाल्यांच्या तोंडी अजूनही कधीकधी 'विंचेस्टर डिस्क' येतं, ते इथून. १९८० मध्ये सीगेट कंपनीने सव्वापाच इंचांची ५ एमबीची डिस्क काढली आणि डिस्क टेबलावरच्या संगणकात मावू लागली. १९८३ च्या मार्चमध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती.

भारतात घरोघरी ती पोचायला नव्वदचं दशक सरत आलं. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याच्या जागतिक करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला. आणि मग सुरू झाली ती असेंबल्ड पीसीची जत्रा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बेंगळुरूत एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट, आमच्या इथे सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटर. भाषा वेगळ्या, पण दुकानातलं दृश्य तेच. काउंटरवर उघडा डबा, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतलेला विशीतला पोरगा, आणि समोर वडील व मुलगा. वडिलांच्या हातात मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क असं एकेक ओळीत लिहिलेलं कोटेशन.

दुसरी डिस्क बसवणं म्हणजे तेव्हा एक विधीच होता. ४० टोकांची चपटी करडी पट्टी, तिच्यावर दोन डिस्का लागत. दोघींत भांडण नको म्हणून एकीला 'मास्टर' आणि दुसरीला 'स्लेव्ह' ठरवायचं. ते ठरवायला डिस्कच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा प्लास्टिकचा जंपर असे, तो चिमट्याने काढून दुसऱ्या पिनांवर बसवायचा. तो हमखास फरशीवर पडे आणि सगळं घर गुडघ्यांवर येऊन शोधू लागे. पट्टीची लाल कड वीजजोडणीच्या बाजूला आली पाहिजे. मग संगणक चालू करायचा, बायोसच्या निळ्या पडद्यावर दोन डिस्कांची नावं दिसली की घरात टाळ्या. सी आणि डी ड्राइव्हच्या जोडीला आता ई आला, एफ आला. 'ई मध्ये फोटो, एफ मध्ये गाणी,' अशी वाटणी होई. माळ्यावर नवीन फळी ठोकली की घरातलं सामान आपोआप वाढतं, तसंच इथेही.

ही वाटणी वरवर साधी दिसते. पण जुन्या पद्धतीशी ताडून पाहिलं तर घरात केवढा बदल झाला होता ते कळतं. रोलच्या कॅमेऱ्याचे दिवस आठवा. ३६ फोटोंचा रोल स्टुडिओत दिला की परत दोन गोष्टी येत: छापलेले फोटो आणि प्लास्टिकच्या कप्प्यांत घातलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या. म्हणजे मूळ आणि प्रत, न मागता मिळालेली. शिवाय लग्नाचे फोटो मामाकडे जात, आत्याकडे जात, व्याह्यांकडे जात. आमच्याकडचा अल्बम पावसात भिजला तर नागपूरच्या काकांकडे तोच फोटो असे, भले त्यावर चहाचा डाग असेल. प्रती काढायच्या असं कुणी ठरवलं नव्हतं. नात्यागोत्याच्या रीतीतून त्या आपोआप पसरत होत्या. डिजिटल कॅमेरा आला आणि हे थांबलं. फोटो छापणं कमी झालं, 'कॉम्प्युटरमध्ये आहेत की' असं उत्तर मिळू लागलं, आणि सगळ्या घराची आठवण पहिल्यांदाच एका ठिकाणी, एका मोटरवर फिरणाऱ्या एका तबकडीवर गोळा झाली.

आता माझी गोष्ट. २००३ च्या डिसेंबरात माझा मामेभाऊ सिंगापूरहून आला. त्याच्याकडे मिनी-डीव्ही टेपवर चित्रण करणारा छोटा कॅमेरा होता. आमची आजी, आईची आई, तेव्हा ८४ वर्षांची होती. तिला जात्यावरच्या ओव्या यायच्या, किती यायच्या याचा कुणी हिशेब ठेवला नव्हता. भावाने तिला अंगणात बसवलं आणि चार दिवस, रोज तासभर, ती गात गेली, बोलत गेली. मधेच विसरायची, हसायची, 'अगो, आता हे कुणाला हवंय' म्हणायची. चार टेपा भरल्या. बाकीच्या टेपांवर एक लग्न, एक मुंज, आणि आमची हंपीची सहल. सगळ्या मिळून अकरा. जाताना तो कॅमेरा आमच्याकडेच ठेवून गेला.

आम्ही ठरवलं, सगळं संगणकावर घ्यायचं. इथे थोडं गणित. डीव्ही व्हिडिओ सेकंदाला सुमारे ३.६ एमबी जागा खातो. तासाच्या टेपला १३ जीबी. आमच्या डिस्कची सगळी जागा होती ४० जीबी. तीन टेपांत ती संपली असती. तेव्हा दुसरी डिस्क घेणं आलंच. त्या सुमाराला मोठ्या डिस्का घरगुती माणसाला परवडू लागल्या होत्या, आणि त्यालाही इतिहास आहे. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक परिणाम शोधून काढला. चुंबकी धातूंचे अतिपातळ थर एकावर एक रचले तर जवळच्या चुंबकाने त्यांच्यातला विजेला होणारा अडथळा खूप बदलतो. त्याच्या जोरावर डिस्कचा काटा फार बारीक खुणा वाचू लागला. १९९७ मध्ये असा काटा असलेली आयबीएमची १६.८ जीबीची डिस्क बाजारात आली, आणि त्यानंतर डिस्कची मापं भराभर वाढत गेली. या दोघांना २००७ चं नोबेल मिळालं. ज्या शोधाने आपल्या घरातले व्हिडिओ डिस्कवर बसवले, त्याला नोबेल मिळालं तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत किती जागा मिळाली असेल, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

तर आम्ही १६० जीबीची डिस्क आणली. तिला 'स्लेव्ह' केलं. पट्टी लावली. एका रात्री एक टेप, असं करत अकरा टेपा चढवल्या. अकरा गुणिले तेरा, १४३ जीबी. आणि मग आम्ही जे केलं ते त्या काळात कितीतरी घरांनी केलं असेल. टेपा महाग होत्या. 'आता कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणून त्याच टेपांवर भाचीचा वाढदिवस, गणपती, शाळेचं गॅदरिंग असं नवीन चित्रण केलं. आजीच्या चारही टेपा पुसल्या गेल्या. या हातांनी पुसल्या.

यानंतर जे घडलं ते समजायला आकड्यांची एक जुनी गंमत कळायला हवी. डिस्कवरची जागा ५१२ बाइटच्या छोट्या खणांत विभागलेली असते आणि प्रत्येक खणाला क्रमांक असतो. हा क्रमांक लिहायला किती अंक ठेवायचे, हे ज्या वर्षी ठरतं त्या वर्षी ते अंक भरपूर वाटतात. सुरुवातीच्या पीसींत बायोस आणि डिस्क यांच्या नियमांची सांगड अशी बसली होती की ५२८ एमबीपलीकडे पाहताच येत नसे. १९९३-९४ च्या सुमारास डिस्का तिथे येऊन थडकल्या. मग युक्त्या निघाल्या, पुढे आणखी एक भिंत आली ८.४ जीबीला, तीही ओलांडली. त्यानंतरची भिंत होती २८ बिटांची. दोनचा २८ वा घात गुणिले ५१२ म्हणजे १३७ जीबी आणि वर थोडे. ही भिंत ४८ बिटांचे क्रमांक आणून पाडली गेली, पण विंडोज एक्सपीची २००१ मध्ये निघालेली मूळ सीडी ते नवे क्रमांक वापरत नव्हती. ती सोय आली २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये.

आमच्या संगणकात मूळ एक्सपी होतं आणि त्यावर सर्व्हिस पॅक चढवलेला होता, संगणकाच्या एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून. त्यामुळे १६० जीबीची डिस्क व्यवस्थित दिसली, भरली, चालली. २००५ मध्ये संगणकात व्हायरस शिरला. तेव्हाचा सार्वत्रिक उपाय एकच होता, 'फॉरमॅट मारून टाका'. मी सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, कपाटातून मूळ सीडी काढली आणि विंडोज नव्याने बसवलं. सर्व्हिस पॅकची सीडी नंतर घालू म्हटलं. दुसऱ्या डिस्कला तर मी हातही लावला नव्हता. तिथे फक्त व्हिडिओ होते. ती सुरक्षित होती.

जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर ००००० वर येतं, ते तुम्ही पाहिलं असेल. २८ बिटांत मोजणाऱ्या विंडोजचं तसंच झालं. तिला १३७ जीबीपलीकडचा क्रमांक दिला की वरचा अंक गळून पडायचा आणि ती थेट डिस्कच्या सुरुवातीला जाऊन लिहायची. सुरुवातीच्या भागात सहसा काय असतं? कोणती फाइल कुठे आहे याची यादी. आमची अकरावी टेप या भिंतीच्या पलीकडे गेली होती. संगणक चालू झाला, डिस्कमध्ये काही गडबड आहे असं विंडोजला वाटलं, आणि निळ्या पडद्यावर तपासणी सुरू झाली. ओळीमागून ओळी. अमुक नोंद चुकीची आहे, काढून टाकतो. तमुक दुरुस्त करतो. मी चहा घेऊन समोर बसलो होतो आणि मला बरं वाटत होतं, की यंत्र स्वतःच दुरुस्ती करतंय. अर्ध्या तासाने ई ड्राइव्ह उघडला तेव्हा आत फाउंड नावाचा एक फोल्डर आणि त्यात आकड्यांच्या नावाच्या फाइली होत्या. एकही चालेना. एका फाइलमध्ये चार-पाच सेकंद हंपीचा दगडी रथ दिसला, मग हिरवे चौकोन.

डिस्क बिघडली नव्हती, हे मला पचायला फार वेळ लागला. ती अगदी ठणठणीत होती. पुढे तीन वर्षं चालली.

म्हणून कुणी मला विचारतं, 'फोटोंसाठी दुसरी डिस्क टाकू का?' तेव्हा मी आधी उलट विचारतो, 'दुसरी म्हणजे जागा, की दुसरी म्हणजे प्रत?' आपण बहुतेक जण जागा म्हणून आणतो आणि मनात प्रत म्हणून धरतो. पहिल्या डिस्कवरचे फोटो कापून दुसऱ्या डिस्कवर नेले, तर डिस्का दोन झाल्या, पण फोटो अजून एकाच ठिकाणी आहेत. हा घोटाळा फक्त आपल्यासारख्यांचा नाही. १९८८ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी स्वस्त डिस्का एकत्र जोडून एक मरण पावली तरी काम चालू ठेवण्याच्या पद्धती मांडल्या. त्यालाच आपण रेड म्हणतो. फार मोलाचं काम. पण आरशासारख्या जोडलेल्या दोन डिस्कांपैकी एकीवरून फाइल पुसली की दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. माझ्या प्रसंगात असा आरसा असता तर दोन्ही डिस्का सारख्याच इमानदारीने 'दुरुस्त' झाल्या असत्या.

मोठ्या ठिकाणी तरी सगळं शहाणपणाने चालतं का? १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' बनत असताना कुणीतरी चुकीच्या जागी पुसण्याची आज्ञा दिली आणि चित्रपटाचा बहुतेक भाग डोळ्यांदेखत नाहीसा होऊ लागला. टेपवर प्रत होती. ती काढायला गेले तेव्हा कळलं, ती नीट उतरतच नव्हती आणि कुणी तपासलं नव्हतं. म्हणजे टेपवाला होता, पण त्याच्यामागे तपासणारा नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या पर्यवेक्षक बाईंमुळे. त्या बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत नेलेली होती. तो संगणक म्हणे पांघरुणात गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून कचेरीत आणला.

आणि डिस्क मरायच्या आधी इशारा देईल, या भरवशावरही राहू नका. गूगलने २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ती त्यांनी पाहिली. बिघडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी आधी कसलीच कुरकुर केलेली नव्हती. 'टिक-टिक आवाज आला की कॉपी करू' म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आज डिस्क बसवणं पुष्कळ सोपं झालं आहे. २००३ च्या सुमारास साटा जोडणी आली आणि मास्टर-स्लेव्हची भानगड संपली. एका डिस्कला एक बारीक वायर. मदरबोर्डवर साटाची मोकळी जागा आहे का, वीजपुरवठ्याच्या डब्यातून साटाची वायर उरली आहे का, आणि कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची खण रिकामा आहे का, एवढं आधी बघून घ्या. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसेल. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी दहाच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. भिंती मात्र अजून संपलेल्या नाहीत. जुन्या पद्धतीची विभागणी, म्हणजे एमबीआर, २.२ टीबीपर्यंतच पोचते. ४ टीबीची डिस्क आणली तर ती जीपीटी पद्धतीने तयार करावी लागते. आणि जुनी, भरलेली डिस्क जोडल्यावर विंडोजने 'इनिशियलाइझ करू का' असं विचारलं, तर आधी हात मागे घ्या आणि जाणकाराला बोलवा.

भावावरही फार विसंबू नये. २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला. जगातल्या हार्ड डिस्कांचा फार मोठा हिस्सा तिथल्या कारखान्यांत बनत होता, ते कारखाने पाण्यात गेले आणि काही आठवड्यांत दुकानांतले भाव जवळजवळ दुप्पट झाले. त्या हिवाळ्यात चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये लोक भाव विचारून परत जाताना मी पाहिले आहेत. 'स्वस्त झाली की दुसरी घेऊ, तोवर एकीवर चालवू' असं म्हणत.

आमची पद्धत आता अशी आहे. डब्यात एक मोठी डिस्क, रोजच्या वापराची. दुसरी बाहेरून जोडायची, महिन्यातून एकदा जोडून कॉपी झाली की काढून कपाटात. आणि तिसरी बहिणीकडे, बेंगळुरूला. दिवाळीला जाता-येता ती बदलली जाते, फराळाच्या डब्यांबरोबर. आणि तिन्हींतला एखादा तरी व्हिडिओ मी दर वेळी उघडून, मधून मधून चालवून पाहतो. घरात हसतात. हसू देत.

आजी २००६ मध्ये गेली. तिच्या ओव्या आमच्याकडून गेल्या होत्या, हे मी तिला सांगितलं नव्हतं. दिवसकार्याला बडोद्याची मावशी आली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, 'आईचं ते गाणं मी रोज लावते रे. पट्टी जरा हलते, पण दिसते ती.' मला काही कळेना. मग तिने सांगितलं. मामेभाऊ आला होता तेव्हा, टेपा संगणकावर चढवायच्या आधी, तिच्याकडे संगणक नाही म्हणून त्याने कॅमेरा सरळ व्हीसीआरला जोडून तिला एक साधी व्हीएचएस कॅसेट करून दिली होती. चार तासांपैकी तीन तास. मी त्याच आठवड्यात बडोद्याला गेलो. कॅसेटच्या पाठीवर मावशीने बॉलपेनने लिहिलं होतं, 'आई. पुसू नये.'